फोंड्याच्या टेकडीवरील सहा स्विच: दूरस्थ व्यवस्थापनाच्या प्रकल्प नोंदी

५ मे

फोंडा तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेच्या परिसरात व्यवस्थापन करता येणारे सहा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी उपकरणे, आहेत. मुख्य स्विच कार्यालयाच्या इमारतीत तळमजल्यावर आणि दुसरा तिथेच वरच्या मजल्यावर आहे. माध्यमिक विभागात दोन, संगणक प्रयोगशाळेत एक आणि मैदानापलीकडच्या ग्रंथालयात एक असे उरलेले चार. ग्रंथालय तांब्याच्या केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेबाहेर पडते, म्हणून तिथपर्यंत ऑप्टिकल फायबर टाकलेली आहे. दोन इमारतींमध्ये धातूची जोडणी नसल्यामुळे एका इमारतीवर वीज पडली तरी तिचा धक्का नेटवर्कच्या तारेवाटे दुसरीत पोहोचत नाही, हा तिचा आणखी एक फायदा. आमच्याकडच्या मे महिन्यातील गडगडाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आमचे कार्यालय पणजीत आहे. रायबंदर, जुने गोवे, बाणस्तारीचा पूल, म्हार्दोळ, फर्मागुडी असा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता कापून इथे यावे लागते. गेल्या पावसाळ्यात प्रयोगशाळेतील एक पोर्ट (केबल लावण्याची खाच) एका व्हीलॅनमधून, म्हणजे एकाच नेटवर्कात आखलेल्या एका वेगळ्या कप्प्यातून, काढून दुसऱ्यात टाकायचा होता. काम आदेशांच्या दोन ओळींचे होते आणि त्यासाठी माझा अर्धा दिवस गेला. हे सहाही स्विच पणजीत बसून सुरक्षितपणे हाताळता यावेत, आणि तसे हाताळण्याचा मार्ग आमच्याखेरीज कोणालाही सापडू नये, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे.

आज फक्त पाहणी केली. पूर्वीच्या ठेकेदाराने सर्व स्विचांवर टेलनेट ही दुरून आदेश देण्याची जुनी सोय चालू ठेवली होती, सर्वांना एकच पासवर्ड दिला होता आणि व्यवस्थापनाचे पत्ते व्हीलॅन १ मध्येच ठेवले होते. कागदोपत्री नोंद काहीही नाही. संस्थेच्या लिपिक बाईंकडे एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर पासवर्ड लिहिलेला मिळाला. तो चार स्विचांवर चालला, दोहोंवर चालला नाही.

६ मे

संस्थेच्या खजिनदारांनी विचारले, ‘‘सगळे सुरळीत चालू आहे, मग बदलायचे कशाला?’’ प्रश्न रास्त होता, त्यामुळे तोंडी उत्तर देण्याऐवजी त्यांच्यासमोर लॅपटॉपवर तारेवरची वाहतूक टिपणारा वायरशार्क हा प्रोग्रॅम सुरू केला आणि त्याच लॅपटॉपवरून एका स्विचला टेलनेटने जोडून घेतले. टेलनेटमध्ये दाबलेली अक्षरे जशीच्या तशी, उघड्या मजकुरात तारेवरून जातात. टिपलेला संवाद उघडला तेव्हा ‘एनेबल’ या आदेशातील प्रत्येक अक्षर दोनदा दिसत होते: ईई, एनएन, एए, बीबी, एलएल, ईई. एकदा आम्ही पाठवलेले, एकदा स्विचने पडद्यावर उमटावे म्हणून परत पाठवलेले. पासवर्डची अक्षरे मात्र एकेकदाच होती, कारण पासवर्ड पडद्यावर उमटवायचा नसतो म्हणून स्विच तो परत पाठवत नाही. म्हणजे नेमका पासवर्ड कोणता, हे शोधण्याचेही कष्ट चोराला पडत नाहीत. एकेरी अक्षरे वाचली की झाले. संस्थेची आद्याक्षरे आणि पुढे १२३ असा तो पासवर्ड खजिनदारांनी मोठ्याने वाचला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि कामाला मंजुरी दिली.

टेलनेटचे प्रमाणित स्वरूप ठरवणारा दस्तऐवज, आरएफसी ८५४, हा १९८३ सालचा आहे. त्या काळी नेटवर्कवर मोजकी, एकमेकांना ओळखणारी माणसे असत. आज या परिसराच्या वायफायवर अख्खी माध्यमिक शाळा असते.

८ मे

ज्या दोन स्विचांवर पासवर्ड चालत नव्हता त्यांच्यापाशी कन्सोल केबल, म्हणजे नेटवर्कवरून न जाता लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी केबल, घेऊन बसलो. ही फिकट निळी चपटी केबल सिस्कोची उपकरणे हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत असते; आताच्या लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा अडॅप्टर लावावा लागतो. माध्यमिक विभागातील रॅक उघडताच पालीची दोन अंडी आणि लाल मातीचा बोटभर थर दिसला. चिऱ्याच्या भिंतीत केबलसाठी पाडलेले भोक कोणी बुजवलेलेच नव्हते.

नेहमीची मांडणी, म्हणजे ९६०० बॉड वेग, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, ही ठेवून एंटर दाबले तर पडद्यावर चित्रविचित्र चिन्हांची रांग आली. काहीच न उमटणे आणि निरर्थक चिन्हे उमटणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत, हे आमच्या नव्या सहकाऱ्याला इथे दाखवता आले. काहीच आले नाही तर केबल, अडॅप्टर किंवा निवडलेला पोर्ट तपासावा. चिन्हे आली तर जोडणी ठीक असून बहुधा वेग जुळत नाही असे समजावे. एकेक वेग लावून पाहिला, तेव्हा १,१५,२०० ला अक्षरे स्वच्छ दिसली. कोणीतरी कधीतरी वेग बदलला होता आणि अर्थातच कुठे लिहून ठेवले नव्हते.

पासवर्ड परत मिळवण्याची रीत सिस्कोच्या या स्विचांच्या मालिकेत ठरलेली आहे. स्विचचा प्लग काढावा, पुढच्या बाजूचे मोड बटण दाबून धरून प्लग परत लावावा आणि लुकलुकणारा हिरवा दिवा क्षणभर पिवळसर होऊन स्थिर हिरवा झाला की बटण सोडावे. मग स्विच आपली नेहमीची मांडणी न वाचता सुरुवातीच्याच टप्प्यावर थांबतो. तिथे फ्लॅश स्मृती जागी करून मांडणीच्या फाइलचे नाव बदलले, स्विच कोरा सुरू केला, मग फाइलला मूळ नाव देऊन तिच्यातील मजकूर चालू मांडणीत आणला आणि नवे पासवर्ड घातले.

एक गोष्ट मात्र निसटली होती. कोऱ्या अवस्थेत व्यवस्थापनाचा इंटरफेस बंद असतो आणि जुनी मांडणी वरून ओतली तरी तो आपोआप चालू होत नाही, कारण ‘चालू करा’ हा आदेश मांडणीच्या फाइलमध्ये लिहिलेलाच नसतो. पत्ता बरोबर दिसत असून पिंगला (उपकरण जागे आहे का हे पाहणाऱ्या हाकेला) उत्तर नाही, हे कोडे सोडवण्यात वीस मिनिटे गेली. ‘नो शटडाउन’ दिल्यावर ते सुटले. भोक बुजवण्यासाठी गवंडी बोलवावा, असे संस्थेला लेखी कळवले.

१२ मे

पत्त्यांची आखणी केली. व्यवस्थापनासाठी व्हीलॅन ९९ वेगळा ठेवायचा असे ठरवले. व्हीलॅन १ हा मुळातच ठरलेला असतो; ज्या पोर्टला काही सांगितलेले नसते तो त्याच व्हीलॅनमध्ये पडतो, त्यामुळे व्हरांड्यातील एखाद्या विसरलेल्या पोर्टला लॅपटॉप लावणारा माणूसही थेट स्विचच्या व्यवस्थापनाच्या दारात येऊन उभा राहतो. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा असल्यामुळे १ ते ४०९४ यांतला जवळजवळ कोणताही घेता येतो. ९९ या आकड्यात विशेष काही नाही, फक्त तो लक्षात राहतो.

१०.२०.९९.०/२७ हा पत्त्यांचा गट घेतला. त्यात वापरण्याजोगे ३० पत्ते मिळतात आणि सहा स्विचांना ते पुरून उरतात. मुख्य स्विच १०.२०.९९.१, हाच बाकीच्यांचा गेटवे, म्हणजे गटाबाहेर जाण्याचे दार. उरलेले पाच ११ ते १५. नावे देताना ‘स्विच १’, ‘स्विच २’ असे न करता इमारत आणि मजला नावातच घातला, कारण रात्री दहा वाजता झोपेतून उठून काम करणाऱ्याला ‘स्विच ४’ म्हणजे कुठला, हे आठवत नाही.

१४ मे

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण चूक माझी आहे.

ग्रंथालयाच्या स्विचवर व्हीलॅन ९९ चा इंटरफेस तयार केला, पत्ता दिला, पण तो वर येईना. असा इंटरफेस हा खरा पोर्ट नसतो. तो व्हीलॅन स्विचच्या यादीत असल्याशिवाय आणि त्या व्हीलॅनची वाहतूक नेणारा निदान एक पोर्ट चालू असल्याशिवाय तो जागा होत नाही. ग्रंथालयातून बाहेर पडणारा एकमेव मार्ग म्हणजे मुख्य स्विचकडे जाणारा ट्रंक (अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणारी जोडणी), आणि त्यावर फक्त व्हीलॅन १, १० आणि २० यांना परवानगी होती. निदान बरोबर झाले. उपाय करताना संस्थेच्या कार्यालयात बसून जुन्या टेलनेटनेच ग्रंथालयाच्या स्विचवर गेलो आणि ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ९९’ असा आदेश दिला. ‘व्हीलॅन’ आणि ‘९९’ यांच्यामध्ये ‘ॲड’ हा शब्द लिहायचा राहिला. तो असता तर आधीच्या यादीत ९९ ची भर पडली असती. तो नसल्यामुळे जुनी यादी पुसली जाऊन एकटा ९९ उरला. माझे टेलनेट व्हीलॅन १ वरून चालले होते. एंटर दाबताच पडदा गोठला, आणि ग्रंथालयात प्रवेशअर्ज भरून घेणाऱ्या दोन्ही संगणकांचे नेटवर्कही त्याच क्षणी गेले.

दुपारचे साडेबारा, मैदानावर ऊन मी म्हणत होते. संस्थेचे जुने शिपाई, ज्यांना सगळे भाई म्हणतात, ते त्या वेळी ग्रंथालयातच होते. त्यांना फोन लावून म्हटले, ‘‘भाई, खिडकीशेजारच्या लोखंडी पेटीतील वरच्या डब्याचा प्लग काढा, दहा अंक मोजा आणि परत लावा.’’ बदल अजून जतन केलेला नव्हता, त्यामुळे चार मिनिटांत स्विच जुन्या मांडणीसह उठला. भाईंनी फोनवर एवढेच विचारले, ‘‘बिघडले होते की तुम्ही बिघडवले?’’ खरे उत्तर दिले.

या प्रसंगानंतर कामाची शिस्त ठरवली आणि ती सहकाऱ्याच्या वहीतही उतरवून घेतली. दूरच्या स्विचला हात लावण्याआधी ‘रिलोड इन १०’ हा आदेश द्यायचा, म्हणजे दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो. बदल फसून संपर्क तुटला तरी तो जतन झालेला नसल्यामुळे जुनी मांडणी परत येते. बदल नीट झाला तर आधी ‘रिलोड कॅन्सल’ आणि त्यानंतर जतन. ‘रिलोड इन’ देताना आधीच काही बदल झालेले असतील तर स्विच ते जतन करू का असे विचारतो; तिथे सवयीने ‘होय’ म्हटले तर सगळी मेहनत उलटी पडते. शिवाय दोन टोकांना बदल करायचे असतील तर दूरचे टोक आधी, जवळचे नंतर.

संध्याकाळपर्यंत ‘ॲड’सह पाचही ट्रंक नीट झाले. माध्यमिक विभागातील एका स्विचवर व्हीलॅन ९९ निर्माणच करायचा राहिला होता, तोही केला.

१९ मे

एसएसएच, म्हणजे टेलनेटचेच काम सांकेतिक भाषेत करणारी सुरक्षित सोय, सुरू करण्याचे काम आज हाती घेतले. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले, त्यामागचे निमित्तही तेच होते जे खजिनदारांनी ६ तारखेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले: विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड टिपून घेतले होते.

स्विचवर संवाद सांकेतिक करणारी किल्ली तयार करण्याआधी त्याला स्वतःचे नाव आणि डोमेनचे नाव द्यावे लागते, कारण किल्लीचे नाव या दोहोंवरून बनते. नाही दिले तर स्विच तसे सांगून थांबतो. २०४८ बिटांची आरएसए किल्ली तयार होताना जुन्या स्विचवर इतका वेळ लागला की सहकाऱ्याला तो अडकला असे वाटून त्याने केबलकडे हात नेला. थांबवले. पुढे एसएसएचची आवृत्ती २ सक्तीची केली. आमच्या प्रत्येकाच्या नावे वेगळे खाते काढले आणि पासवर्ड ‘सीक्रेट’ या प्रकाराने ठेवला, ज्यामुळे तो मांडणीत वाचण्याजोगा राहत नाही. सामाईक खाते ठेवलेले नाही. कोणी काय बदलले हे नोंदीत दिसायचे असेल तर ज्याचे नाव त्यालाच लागले पाहिजे.

दूरून येणाऱ्यांसाठी स्विचमध्ये व्हीटीवाय नावाचे १६ मार्ग असतात, ० ते १५. पुष्कळ ठिकाणी ते ० ते ४ आणि ५ ते १५ अशा दोन तुकड्यांत लिहिलेले दिसतात. सहकाऱ्याने पहिल्या तुकडीवर ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ आणि ‘लॉगिन लोकल’ लावून काम झाले असे सांगितले. मी त्याला टेलनेट करून पाहायला सांगितले. दार उघडले, आणि जुना १२३ चा पासवर्डही चालला, कारण उरलेल्या अकरा मार्गांवर पूर्वीचीच मांडणी होती. एसएसएच चालते हे तपासणे पुरेसे नाही, टेलनेट चालत नाही हेही तपासावे लागते. आता सर्व १६ मार्ग एकाच ओळीत घेतले आहेत.

त्याच मार्गांवर प्रवेशयादी लावली: व्हीलॅन ९९ मधील पत्ते आणि आमच्या व्हीपीएनचा (इंटरनेटवरून आत येण्याच्या सुरक्षित मार्गाचा) गट, एवढ्यांनाच मुभा. यादीत गटाचा आकार सांगणारा मास्क उलटा लिहावा लागतो, म्हणजे /२७ साठी २५५.२५५.२५५.२२४ नव्हे तर ०.०.०.३१. पणजीहून येताना आधी संस्थेच्या फायरवॉलवर व्हीपीएनने आत यायचे आणि मगच स्विचकडे जायचे. एसएसएचचा पोर्ट २२ (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, सेवेचा क्रमांक) थेट इंटरनेटवर उघडून ठेवला तर काम सोपे होईल, ही सूचना बैठकीत आली होती. तसा पोर्ट दिसताच जगभरातील स्वयंचलित प्रोग्रॅम पासवर्ड आजमावू लागतात, म्हणून ती स्वीकारली नाही.

२३ मे

पणजीहून पहिली चाचणी. सहापैकी चार स्विच लगेच भेटले.

प्रयोगशाळेचा स्विच मुख्य स्विचवरून पोहोचत होता, पणजीहून नाही. स्वतःच्या गटातून दिसणे आणि बाहेरून न दिसणे हे लक्षण बहुतेक वेळा गेटवेकडे बोट दाखवते: आपले निरोप तिथे पोहोचतात, पण उत्तर कोणाच्या हाती द्यायचे हे त्या स्विचला ठाऊक नसते. पाहिले तर गेटवेचा शेवटचा आकडा १ च्या जागी ११ पडला होता. ११ हा कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा स्विच. तो बिचारा पाकिटे पुढे धाडण्याचे काम करतच नाही. मुख्य स्विचवरून आत शिरून पणजीतूनच दुरुस्ती झाली.

ग्रंथालयाच्या स्विचची गोष्ट वेगळी. जोडणी होताच माझा नवा लॅपटॉप किल्लीच्या देवाणघेवाणीची पद्धत जुळत नाही असे सांगून बाहेर पडे. स्विचवरील सॉफ्टवेअर बरीच वर्षे कोणी बदललेले नाही आणि तो देऊ करतो ती डिफी-हेलमनची गट १ ची पद्धत ओपनएसएसएचने २०१५ मध्ये, आवृत्ती ७.० पासून, मूळ मांडणीतच बंद ठेवली आहे. तूर्त लॅपटॉपच्या मांडणीत फक्त याच एका पत्त्यापुरता अपवाद लिहिला. सर्वांसाठी जुनी पद्धत उघडणे म्हणजे एका म्हाताऱ्या कुलपासाठी घरातली सगळी कुलपे जुनी करणे होय. सॉफ्टवेअर बदलण्याचे काम प्रलंबित यादीत टाकले.

२६ मे

रात्री फोंडा भागात जोरदार वळवाचा पाऊस झाला आणि वीज गेली. माध्यमिक विभागातील यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांत संपली असावी, कारण सकाळी नोंदी उघडल्या तेव्हा तिथले दोन्ही स्विच रात्री बंद पडून पुन्हा उठलेले दिसले. मांडणी आणि किल्ल्या शाबूत होत्या. पण उठल्यानंतरच्या नोंदींवर तारीख होती १ मार्च १९९३. या स्विचांमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की ते दर वेळी त्याच दिवसापासून जगायला लागतात. कोणी कधी आत आले हे सांगणारी नोंद बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागली तर तिचा उपयोग शून्य.

सर्व स्विचांना फायरवॉलवरून एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) वेळ घ्यायला लावले, काळपट्टा जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असा दिला आणि नोंदींवर तारीख-वेळ उमटेल असे केले. चुकीचे पासवर्ड लागोपाठ आले तर काही काळ दार बंद ठेवणारी सोयही याच वेळी चालू केली.

२ जून

हस्तांतर. प्रत्येक स्विचच्या मांडणीची प्रत आमच्याकडे उतरवून घेतली. आणीबाणीचा पासवर्ड बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला. पाकिटावर तारीख घालून दोघांच्या सह्या आहेत आणि ते फोडले तर आम्हाला कळवायचे आहे. कन्सोलचा वेग सगळीकडे ९६०० केला आणि रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या मराठी कागदावर तो लिहिला. निळी केबल आणि अडॅप्टर मुख्य रॅकमध्येच टांगून ठेवले आहेत, कारण दूरचा रस्ता बंद पडेल त्या दिवशी हाच जवळचा रस्ता लागणार आहे. कागदाची एक प्रत भाईंनी मागून घेतली आणि ग्रंथालयाच्या पेटीत लावली. तीवर ‘वरचा डबा’ असे बाण काढून स्वतः लिहिले आहे.

गवंडी अजून आलेला नाही. भोक तात्पुरते चिंध्या कोंबून बंद केले.

१० जून

सकाळी ९.१० ला प्रयोगशाळेच्या शिक्षिकांचा फोन आला की नवा प्रिंटर चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे. बाहेर पाऊस कोसळत होता. व्हीपीएन, मग एसएसएच, ‘रिलोड इन १०’, पोर्ट १७ व्हीलॅन १० मधून २० मध्ये, प्रिंटरला पिंग, ‘रिलोड कॅन्सल’, जतन. ९.१८ ला बाईंनी चाचणीचे पान छापून त्याचा फोटो पाठवला.

प्रलंबित: ग्रंथालयाच्या स्विचचे सॉफ्टवेअर, चवथीच्या सुट्टीत, जागेवर जाऊन आणि कन्सोल लावूनच. तोवर २३ मेचा अपवाद कायम. माध्यमिक विभागाच्या यूपीएसची बॅटरी बदलण्याचे अंदाजपत्रक खजिनदारांकडे पाठवले आहे.